‘ये’ म्हणणाऱ्याची जबाबदारी



गत उन्हाळ्यातील एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक बंधू मागे थांबले. त्यांच्या हातात कोरा कागद होता. ते म्हणाले, “पाळकसाहेब, माझ्या चुलतभावास एक पत्र लिहून द्या. फोनवर मी त्यास चार वेळा सांगितले. पण फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते. कागदावर असले म्हणजे घरची माणसेही वाचतील, आणि त्याचा विचार पक्का होईल.”

हकीकत अशी. हे बंधू पुष्कळ वर्षे हाती कोयता घेऊन ऊसतोडीस जात असत. पै-पै साठवून त्यांनी सेलूपासून काही कोसांवर मुरमाड माळाची तीन एकर जमीन विकत घेतली. नवराबायकोने धोंडे वेचले, बांध घातले, गाळ आणून टाकला. आणि आज तेथे देवाच्या कृपेने कापूस, तूर व ज्वारी पिकते. त्यांच्या बांधापलीकडे गावचे गायरान पडीक आहे. चुलतभाऊ मात्र शहराच्या कडेला वीटभट्टीवर राबतो. तेथे त्यास ना घर, ना मंडळी, ना मुलांस शाळा. तेव्हा, “तू इकडे ये, पलीकडचे गायरान फोड, आपण दोघे भाऊ जवळ राहू,” एवढेच त्यांस लिहावयाचे होते.

ह्यात विचार करण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. भावाने भावास हाक मारावी ह्याहून चांगली गोष्ट कोणती? मीही कागद पुढे ओढला. परंतु ‘ये’ हा शब्द लिहिण्याची वेळ आली तेव्हा माझी लेखणी थांबली. ती का थांबली हे मी पुढे सांगेन. त्या रात्री जो प्रश्न माझ्या मनास लागला तो असा: आपल्या सांगण्यावरून एखाद्या नातलगाने आपले बिऱ्हाड मोडून नव्या जमिनीवर यावे, तर त्याच्या पुढील सुखदुःखाचा भार आपणावर किती येतो? सल्ला देऊन आपण मोकळे होतो, की बांधले जातो?

पवित्र शास्त्रात अशा हाकेची उदाहरणे आहेत. गणना ह्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात मोशे आपल्या सासऱ्याचा पुत्र होबाब ह्यास वचनदत्त देशाकडे बरोबर येण्याचा आग्रह करतो. प्रथम तो म्हणतो की आम्ही तुझे कल्याण करू. होबाब नाही म्हणतो. त्यास आपला मुलूख व आपले गोत प्रिय आहे. मग मोशे आपली गरज उघडी करतो: ह्या रानात तळ कोठे द्यावा हे तुला ठाऊक आहे, तू आमचे डोळे हो. पाहा, मोशे येथे दोन गोष्टी करतो. तो स्वतःस वचनाने बांधून घेतो, आणि होबाबाच्या येण्यात आपलाही लाभ आहे हे झाकून ठेवीत नाही. आपण नातलगास बोलावितो तेव्हा पुष्कळदा पहिली गोष्ट मोघम बोलतो आणि दुसरी मुळीच बोलत नाही. आपणास कामास जोडीदार हवा असतो, रात्री राखणीस माणूस हवा असतो, भाऊबंदकीच्या तंट्यात पाठीराखा हवा असतो, आणि तोंडाने म्हणतो, “तुझ्या भल्यासाठीच सांगतो.”

दुसरे उदाहरण योसेफाचे. मिसर देशातून त्याने आपल्या बापास व भावांस बोलाविणे धाडले. त्या निरोपात त्याने दुष्काळ झाकला नाही; दोन वर्षे झाली आणि अजून पाच वर्षे नांगरणी-कापणी व्हावयाची नाही, हे स्पष्ट सांगितले. बायकामुलांस आणण्यासाठी त्याने गाड्या पाठविल्या. वाटेची शिधासामग्री दिली. राहावयाचा प्रांत गोशेन, तो आपल्याजवळ आहे, हे सांगितले. आणि तेथे मी तुमचे पालनपोषण करीन, असे म्हणून जबाबदारी स्वतःवर घेतली. हाकेमागून गाड्या आल्या, म्हणून ती हाक खरी होती. म्हाताऱ्या याकोबास केवळ शब्द ऐकून विश्वास वाटला नाही; गाड्या पाहिल्यावर त्याच्या जिवात जीव आला, असे शास्त्र सांगते.

तिसरे उदाहरण रऊबेन व गाद ह्यांच्या वंशांचे. त्यांस यार्देनेच्या अलीकडेच गुराढोरांजोगी चांगली जमीन मिळाली. तेव्हा मोशेने त्यांस विचारले की तुमचे भाऊ लढाईस जात असता तुम्ही येथे बसून राहणार काय? मग त्यांनी कबूल केले की आम्ही सशस्त्र होऊन भावांच्या पुढे चालू, आणि त्या प्रत्येकास वतन मिळेपर्यंत घरी परतणार नाही. ज्यास जमीन आधी मिळाली त्याच्यावर मागून येणाऱ्याचे ऋण असते, हा ह्याचा बोध.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. सेलूहून आगगाडीने मनमाडच्या बाजूस निघाले म्हणजे परतूर मागे टाकून गाडी जालन्यास येते. त्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसले. ते वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे ब्राह्मणकुळात जन्मलेले. मुंबईस १८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच साली त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हा थोरल्या भावाच्या पाठोपाठ मिशनरी लोकांच्या घरी गेला. तो अल्पवयी होता. न्यायालयाने त्यास बापाच्या हवाली केले. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर ब्राह्मणसमाजात मोठा वाद माजला, आणि प्रायश्चित्त देऊन घ्यावे ह्या पक्षास बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. थोरल्याच्या मागे धाकटा चालू लागतो तेव्हा धाकट्याच्या वाट्यास काय येऊ शकते, हे नारायणरावांच्या घरानेच पाहिले होते.

पुढे ह्याच नारायणरावांनी खेड्यापाड्यांतील गरीब ख्रिस्ती कुटुंबांसाठी गाव वसविण्याचे मनात आणले. निजामाच्या राज्याचे दिवाण सर सालारजंग ह्यांजकडून त्यांनी त्यासाठी जमीन मिळविली. तेथे उपासनामंदिर झाले, शाळा झाली. १८७३ साली न्यूयॉर्क येथे इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली, तीत जाऊन ते बोलले. जगभर नाव झाले. तरी १८९१ साली देह ठेवीपर्यंत त्यांचे नाव जालन्याच्या कामाशी जोडलेले राहिले. वाचकहो, ‘ये’ म्हणणाऱ्याच्या हाती जमिनीची सनद होती आणि बोलाविलेल्या लोकांत तो स्वतः होता, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

ख्रिस्ती समाजाबाहेरचेही एक उदाहरण घेऊ. १८८५ च्या सुमारास नीरा नदीचा डावा कालवा सुरू झाला, तेव्हा पुणे जिल्ह्यातील सासवडचे माळी कालव्याच्या नव्या भिजत्या जमिनीवर जाऊ लागले. ऊस लावण्याची विद्या त्यांस घरचीच होती. खंडाने जमिनी घेऊन त्यांनी मळे केले. मागून भाऊबंद आले. पुढे अहमदनगरच्या बाजूस गोदावरी व प्रवरेच्या कालव्यांवरही ते पसरले. १९३२ साली त्यांनी सोलापूर जिल्ह्यात अकलूजजवळ साखरेचा कारखाना काढला. त्या वसाहतीस माळीनगर म्हणतात. आधी गेलेल्याच्या अनुभवाचा आधार मागून येणाऱ्यास मिळाला म्हणून हे बस्तान बसले. तरी ह्याच कालव्यांच्या काठी पाण्याचा अतिरेक होऊन कित्येक जमिनी खारवट झाल्या, हेही खरे आहे. नवी जमीन देते तसे घेतेही. आणि ती काय घेते हे आधी गेलेल्यासच ठाऊक असते.

ह्यावर तीन आक्षेप माझ्या कानी आले आहेत.

पहिला असा की, येणारा काही लेकरू नव्हे. त्यास डोळे आहेत, बुद्धी आहे. आला तर आपल्या मर्जीने आला. हे अर्धे खरे आहे. लोटाने यार्देनेचे हिरवे खोरे आपल्या डोळ्यांनी पाहून निवडले, आणि सदोमाचे फळ भोगले. त्याचा दोष अब्राहामावर कोणी ठेवीत नाही. परंतु अब्राहामाने त्यास ‘हे खोरे घे’ असे म्हटले नव्हते; निवड त्याच्यावर सोडली होती. परका मनुष्य परक्याचे बोलणे पारखून घेतो. भाऊ भावाचे बोलणे पारखीत नाही. तो त्याच्या डोळ्यांनी पाहतो. ज्याने आपले डोळे आपल्या हाती दिले त्यास, ‘तू पाहिले का नाहीस?’ असे मागाहून विचारणे हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप एका उपदेशक बंधूंनी काढला. नीतिसूत्रांत दुसऱ्यास जामीन राहण्याविषयी कडक ताकीद आहे. मग आपण नातलगाच्या नशिबास जामीन का राहावे? मी म्हणतो, ती ताकीद माझ्याच बाजूची आहे. जो हलक्या मनाने हातावर हात मारतो त्यास शलमोन सावध करतो. तुला भार पेलत नसेल तर ‘ये’ म्हणू नकोस. गप्प राहण्यात पाप नाही. पण जेथे प्रीती भार घेण्यास तयार असते तेथे पौलाचे उदाहरण पाहा. अनेसिम नावाच्या दासाविषयी फिलेमोनास लिहिताना, त्याचे जे देणे असेल ते माझ्या नावे मांड, मी फेडीन, असे त्याने स्वहस्ते लिहून दिले. ख्रिस्ती मनुष्याने नात्याविषयी पत्र कसे लिहावे ह्याचा तो कित्ता आहे.

तिसरा आक्षेप विश्वासाचा. अब्राहाम कोठे जातो हे न जाणता निघाला; मग इतकी चौकशी हा अविश्वास नव्हे काय? बंधूंनो, अब्राहामास देवाने बोलाविले होते. ज्यास देव बोलावितो तो देवाच्या हमीवर निघतो. ज्यास मी बोलावितो तो माझ्या हमीवर निघतो. माझी हाक देवाच्या तोंडी घालण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आता माझी लेखणी का थांबली ते सांगतो. २०१३ साली मी माझ्या मामेभावास असेच बोलाविले होते. तो शहरात पहारेकरी होता. पगार थोडा, पण महिन्याच्या महिन्याला. मी त्यास आश्विनात शेत दाखविले. कापसाची बोंडे उमलली होती, विहीर काठोकाठ होती. त्याने नोकरी सोडली, पाच एकर जमीन खंडाने घेतली. २०१४ साली पाऊस कमी झाला. २०१५ साली त्याहून कमी. पुढच्या उन्हाळ्यात, २०१६ च्या एप्रिलात, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले हे आपणांस आठवत असेलच. त्याने कर्ज काढून बोअर घेतली, ती कोरडी लागली. बायकोच्या अंगावरचे होते ते गेले. निघण्याच्या दिवशी तो माझ्या घरी आला, तेव्हा मी म्हणालो, “देवाची इच्छा.” तो शांतपणे म्हणाला, “दादा, पाऊस न पडणे ही देवाची इच्छा असेल. पण विहीर फाल्गुनात आटते हे मला न सांगणे, ही कोणाची इच्छा?”

मी खोटे बोललो नव्हतो. विहिरीविषयी त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही, एवढेच. परंतु का सांगितले नाही हे मी मनाशी तपासले तेव्हा लाज वाटली. मामाचे कुटुंब जवळ असावे असे मला वाटत होते. आणि मंडळीच्या वहीत एक घर वाढेल हाही लोभ होता. पाळकाचा लोभ जमिनीचा नसतो, पण माणसांच्या संख्येचा असू शकतो. उपदेशक बंधूंनी ह्यापासून विशेष जपावे.

ह्यावरून मी एक मर्यादा शिकलो. पाऊस पडेल की नाही ह्याचा जाब देव माझ्यापाशी मागणार नाही. योसेफाने बोलाविलेल्यांची संतती पुढे मिसरात दास झाली. त्याचा दोष योसेफावर नाही, कारण ते त्यास दिसत नव्हते. मात्र जे मला ठाऊक होते आणि मी सांगितले नाही, जे मला करता येत होते आणि मी केले नाही, त्याचा जाब माझ्याच नावे आहे. बोअर कोरडी लागली तेव्हा मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. पण सावकाराकडे त्याच्याबरोबर गेलो नाही.

आमच्या बंधूंच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती गायरानाची. पडीक दिसणारी जमीन रिकामी असतेच असे नाही. अमेरिकेत १८६२ च्या कायद्याने वसाहत करणाऱ्यास १६० एकर जमीन देऊ केली. पुष्कळ गरिबांचे त्याने कल्याण झाले, पण त्यातील पुष्कळ जमिनीवर आधीच दुसरे लोक राहत व शिकार करीत होते, आणि त्यांस हुसकावून लावण्यात आले. आपल्या गायरानावर गावची गुरे चरतात. विधवेची एकुलती शेळीही तेथेच चरते. नाबोथाच्या मळ्याची गोष्ट राजांपुरतीच नाही. मराठवाड्यात भूमिहीनांनी गायरानासाठी मोठे लढे दिले, आणि १९९१ च्या नोव्हेंबरातील शासननिर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची ठराविक वर्गांतील भूमिहीनांची वहिवाट नियमित करण्याचे ठरले. ते न्याय्यच होते. परंतु आज जो नव्याने गायरान फोडील त्यास तो आधार नाही. उलट २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याविषयी राज्यांस आदेश दिला. दहा वर्षे घाम गाळावा, आणि अकराव्या वर्षी नोटीस यावी, अशा जमिनीवर भावास बोलाविणे म्हणजे त्यास वाळूवर घर बांधण्यास सांगणे होय.

हे सर्व मी त्या बंधूंस दुसऱ्या दिवशी सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तर मग लिहूच नये?” मी म्हणालो, “लिहू या. पण आधी तुम्ही काय देणार ते ठरवा.” ते घरी गेले, बायकोशी बोलले, आणि तीन दिवसांनी परत आले. मग आम्ही लिहिले ते पत्र थोडक्यात असे:

“जमीन चांगली आहे, पण मुरमाड आहे, पहिली दोन वर्षे धोंडेच वेचावे लागतील. पाऊस दगा देतो. विहीर होळीपर्यंत पुरते, पुढे पाणी डोक्यावर आणावे लागते. शाळा दीड कोसावर आहे. गावात सर्व लोक गोड बोलतील असे नाही. गायरानाच्या भरवशावर येऊ नकोस, तेथे आपला हक्क नाही. माझ्या तीन एकरांतला एक एकर मी तुला बटईने देतो. त्याचा कागद पंचांसमक्ष करू. तुझे एकरावर भागणार नाही. बाकीचे दिवस मजुरी करावी लागेल. राहण्यास माझी पडवी आहे. दोन वर्षे ज्वारी माझ्या कणगीतून ने. मलाही तुझी गरज आहे. माझी पाठ आता पूर्वीसारखी चालत नाही. आधी एकटा ये, आणि वैशाखात ये, म्हणजे जमीन जशी आहे तशी दिसेल. पाहून नको वाटले तर परत जा. मी रागावणार नाही, येण्याजाण्याचे भाडे मी देईन.”

पत्र वाचून दाखविले तेव्हा त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “असे लिहिल्यावर कोण येईल?” मी त्यांस नामीची गोष्ट सांगितली. मवाबाच्या वाटेवर तिने सुनांस आपल्याजवळ देण्यासारखे काही नाही हे स्वच्छ सांगितले, परत जाण्याचा आग्रह केला. एक परत गेली. तिला शास्त्र दोष देत नाही. दुसरी सर्व ऐकून आली. आणि जी सर्व ऐकून आली ती शेवटपर्यंत राहिली. बेथलेहेमाच्या शेतात सरवा वेचताना रूथेने सासूस, ‘तुम्ही मला फसविले’ असे कधी म्हटले नाही. म्हणण्यास जागाच नव्हती.

तो चुलतभाऊ वैशाखात येऊन गेला. चार दिवस राहिला, विहिरीत डोकावला, ढेकूळ हातात फोडून पाहिले, पंचांस भेटला. अजून त्याने होय म्हटलेले नाही, नाहीही म्हटलेले नाही. दोघा भावांत मात्र पूर्वीपेक्षा अधिक बोलणे होते, असे बंधू सांगतात. तो न आला तरी त्या पत्राने काही बिघडले नाही. आणि आला तर त्यास दाराशी फसवणूक भेटणार नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, कोणास जमिनीवर, गिरणीवर, शहरात वा खेड्यात ‘ये’ म्हणण्यापूर्वी देवासमोर तीन गोष्टी स्वतःस विचारा. मला जे वाईट ठाऊक आहे ते मी सांगितले काय? त्याच्या येण्यात माझा लाभ काय, हे मी उघड केले काय? पहिले पीक बुडाले तर माझ्या कणगीत त्याचा वाटा आहे काय? ह्या तिहींस होय म्हणता आले तर निर्भयपणे हाक मारा, आणि गाडी जुंपून वेशीपर्यंत सामोरे जा. म्हणता आले नाही तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, आणि पत्र तूर्त लिहू नका.

माझ्या मामेभावास मी गेल्या नाताळात भेटलो. त्याच्या बोअरीच्या कर्जातील जो भाग अजून राहिला आहे तो आम्ही दोघे मिळून फेडतो. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. ते देणे पहिल्या दिवसापासूनच अर्धे माझे होते, आणि मला कळण्यास उशीर लागला, म्हणून लिहितो.